पहिलं मत देण्याआधी राजकारण शिकायचं कुठे?

निंबोणी

नमस्कार. मला यंदा अठरा पूर्ण झाली. गाव धाराशिव जिल्ह्यात, शिक्षणासाठी पुण्यात वसतिगृहात राहते. मतदार नोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरायला घेतला आणि पत्त्याच्या रकान्यापाशी अडले. गावाचा लिहू की वसतिगृहाचा? त्यावरून खोलीतल्या मैत्रिणींशी बोलणं निघालं. आमदाराचं नाव सगळ्यांना माहीत होतं. पण आमदार नेमकं काय काम करतो, जिल्हा परिषदेचं काम कुठे संपतं आणि राज्य सरकारचं कुठे सुरू होतं, हे एकीलाही धड सांगता येईना.

शाळेत नागरिकशास्त्र होतं, पण ते इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी. राज्यसभेची मुदत, राष्ट्रपतींचे अधिकार पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. मला मनापासून शिकायचंय. उमेदवाराची खरी माहिती कुठे मिळते? पक्षात न जाता काही करता येतं का, आणि पक्षात जायचं ठरवलं तर दार नेमकं कुठलं? घरी विषय काढला की "राजकारण आपल्यासारख्यांचं नाही" एवढंच उत्तर मिळतं. इथे अनुभवी लोक आहेत म्हणून विचारते.

जुना_बूथवाला

आधी पत्त्याचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. विद्यार्थ्याला दोन्ही मार्ग खुले आहेत. आईवडिलांच्या पत्त्यावर नाव घालता येतं, किंवा संस्थेच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र लावून वसतिगृहाच्या पत्त्यावर. दोन्हीकडे मात्र नाही. दोन ठिकाणी नाव ठेवून खोटं घोषणापत्र देणं हा गुन्हा आहे. नवीन नावासाठी नमुना ६, पुढे पत्ता बदलला तर नमुना ८.

पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण नसली तर अख्खं वर्ष थांबावं लागे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. तुझ्या धाकट्या बहीणभावंडांना हे आत्ताच सांगून ठेव.

अर्ज भरला की काम झालं असं समजू नका, ही सगळ्यांनाच विनंती. यादी उघडून आपलं नाव, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक डोळ्यांनी बघा. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिकेसाठी राज्य निवडणूक आयोग वेगळी नोंदणी करत नाही. विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेला घेऊन ती प्रभागांत फोडतात. त्या तारखेनंतर आलेलं नाव त्या निवडणुकीला चालत नाही. मतदानाच्या दिवशी ओळखपत्र हातात घेऊन "यादीत नावच नाही" म्हणून परत जाणारी पोरं मी दर निवडणुकीत पाहतो. फार वाईट वाटतं.

माजी_सदस्या

निंबोणी, मी एक पंचवार्षिक ग्रामपंचायत सदस्य होते, महिला राखीव जागेवरून. तुझ्या "दार कुठलं" या प्रश्नाचं उत्तर मला द्यावंसं वाटतं, कारण ते दार तुझ्यासाठी उघडलेलंच आहे आणि तुला ते कुणी सांगितलेलं नाही.

गावच्या मतदार यादीत नाव आलं की त्या दिवसापासून तू ग्रामसभेची सदस्य. संविधानात ग्रामसभेची व्याख्याच तशी आहे: गावाच्या मतदार यादीत ज्यांची नावं आहेत ते सगळे. निवडून यावं लागत नाही, शपथ नाही, कुणाची शिफारस नाही. आमदाराला विधानसभेत बसायला जे करावं लागतं त्यातलं काहीही न करता तुला एका सभागृहात बसायचा, बोलायचा, ठराव मांडायचा हक्क मिळतो. लोक पहिल्या मताचं कौतुक करतात, बोटाच्या शाईचा फोटो काढतात. पण पाच वर्षांत एकदा बटण दाबण्यापेक्षा हा हक्क मोठा आहे असं माझं ठाम मत आहे.

आता प्रत्यक्ष कसं चालतं ते सांगते. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. नोटीस सात दिवस आधी लागते, त्यात विषयपत्रिका असते. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल ती. तेवढे लोक जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही! विषय तेच, माणसं मूठभर. बऱ्याच गावांत खरे निर्णय या दुसऱ्या सभेत होतात. तरुणांनी शंभर माणसं पहिल्याच सभेला जमवली तर गावच्या कारभाराला जेवढा फरक पडेल तेवढा कुठल्याही मोर्चाने पडत नाही, हे मी आतून पाहिलंय.

सभेत काय होतं? घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी वाचतात. वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा ठरतो. मागच्या खर्चाचा हिशेब ठेवतात. वित्त आयोगाचा पैसा बंधित आणि अबंधित असा येतो. पंधराव्या आयोगात साठ टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. हे माहीत असलेला माणूस सभेत उठून "बंधितमधून सभामंडपाला पैसे कसे गेले?" असं विचारू शकतो. माहीत नसलेला नुसता ओरडतो, आणि ओरडणाऱ्याला गप्प करणं फार सोपं असतं.

आणि प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती बहुतेक ठिकाणी कागदावर उरकतात, घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या घेतात. तू गेलीस तर कदाचित खुर्च्याही मांडलेल्या नसतील. तरी जा. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतींच्या निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, पण ज्या मुली आधी सभेला आलेल्याच नसतात त्यांना निवडून आल्यावर नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. कारभार आधी बघितला असेल तर खुर्चीत बसल्यावर पाय लटपटत नाहीत.

दुपारचं_ऊन

ताईंनी लिहिलेलं गावाला लागू आहे, शहराला नाही, याची खंत वाटते. आम्हा शहरातल्यांना ग्रामसभेसारखं हक्काचं सभागृह नाही. २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली, म्हणजे नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांची सभा घ्यायची. पण किती जणांनी आयुष्यात एक तरी क्षेत्रसभा पाहिली आहे? वर मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकाने कारभार केला. त्या काळात अठरा वर्षांच्या झालेल्या मुलांना नगरसेवक म्हणजे काय हे बघायलाच मिळालं नाही. त्यांना दोष कसा द्यायचा?

तरी शहरात काही जागा आहेत. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत आहे. आपल्या प्रभागातली छोटी कामं, पदपथ, दिवे, बसथांबा अशी, आपण लेखी सुचवायची. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात. काम मंजूर होईल न होईल, पण रस्ता कुठल्या खात्याकडे, गटार कुठल्या खात्याकडे आणि "निधी नाही" म्हणजे नक्की काय, हे एका अर्जात कळतं. दुसरं, महापालिकेची मुख्य सभा प्रेक्षक कक्षातून बघता येते. आणि मतदानाआधी एवढं समजून घ्या की पुण्यात बहुसदस्यीय प्रभाग आहेत, बहुतेक प्रभागांत चार जागांसाठी चार मतं द्यायची असतात. पहिलं बटण दाबून निघायला लागलेल्या नवख्यांना कर्मचारी थांबवतात, हे दृश्य नेहमीचं आहे.

काळी_शाई

उमेदवाराच्या माहितीबद्दल विचारलंय त्यावर लिहितो. मी वकिली करतो, प्रतिज्ञापत्रं वाचायची सवय आहे.

प्रत्येक उमेदवार अर्जासोबत नमुना २६ मध्ये शपथपत्र देतो. हे आपोआप आलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मतदाराला उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घ्यायचा हक्क आहे असं म्हटलं, सरकारने कायदा करून तो मर्यादित करायचा प्रयत्न केला, आणि २००३ मध्ये न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. म्हणजे हा कागद भांडून मिळवलेला आहे. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतो.

वाचायचा कसा? मी गुन्ह्यांच्या रकान्यापासून सुरुवात करतो, पण आकडा मोजत नाही. वीस गुन्हे असलेला माणूस वीस आंदोलनांत अटक झालेला असू शकतो आणि एकच गुन्हा असलेल्यावर खंडणीचा असू शकतो. कलम बघा. नुसती फिर्याद आहे, की न्यायालयाने दोषारोप निश्चित केलेत, की शिक्षा झाली, हे तीन वेगवेगळे टप्पे आहेत. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर लोकप्रतिनिधी अपात्र होतो, आणि २०१३ च्या निकालापासून अपील केलं म्हणून पद आपोआप वाचत नाही. शिवाय २०२० पासून, खटला चालू असलेल्या माणसाला तिकीट दिलं तर पक्षाने त्याची कारणं जाहीर करायची आहेत, आणि "निवडून येण्याची क्षमता" एवढंच कारण चालणार नाही असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय. ती कारणं शोधून वाचा. बहुतेक वेळा एकाच साच्यातली असतात, आणि त्यातूनही पक्षाबद्दल पुष्कळ कळतं.

मग मालमत्ता. एका निवडणुकीचं शपथपत्र वाचून काही हाती लागत नाही. त्याच माणसाचं मागच्या वेळचं शेजारी ठेवा. पत्नीच्या किंवा पतीच्या नावावरचं, अवलंबितांच्या नावावरचं, पाच वर्षांचं दाखवलेलं उत्पन्न, आणि सरकारी देणी. उत्पन्न शेतीचं आणि वाढ दहापट असेल तर प्रचाराला दारात आल्यावर विचारा. शांतपणे, कागद हातात धरून विचारलं की उत्तर द्यावंच लागतं.

सह्यवारा

सगळं वाचलं. लिहिणाऱ्यांच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण मुलांना अर्धं चित्र दाखवू नका.

ज्यांनी २०१९ ला विधानसभेसाठी पहिलं मत दिलं, त्यांनी २०२२ ला शिवसेना आणि २०२३ ला राष्ट्रवादी फुटताना पाहिली. ज्याला विरोधक म्हणून मत दिलं तो सत्तेत, ज्याला सत्तेसाठी दिलं तो विरोधात. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे आणि तरी हे झालं. त्या पिढीला "मत मोलाचं आहे" हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुसरं जास्त गंभीर आहे. तरुणांना पक्षांत घेतात ते गाड्या फिरवायला, फ्लेक्स लावायला आणि अंगावर केसेस घ्यायला. माझ्या माहितीतल्या एका मुलाने जमावबंदी असताना रास्ता रोको केला, गुन्हा दाखल झाला. नेता पुढे निवडून आला. मुलगा पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणीला अडकला. त्याच्या घरचे जेव्हा म्हणतात की राजकारण आपल्यासारख्यांचं नाही, तेव्हा ते चूक बोलत नसतात.

पायवाट

सह्यवारा, तुमचा दुसरा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि प्रत्येक तरुण कार्यकर्त्याने तो लिहून ठेवावा. मी एका पक्षाचं तालुका पातळीवर काम करतो (पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथे प्रचार नको). आंदोलनाला जाण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या: परवानगी कुणाच्या नावाने काढली आहे आणि जमावबंदीचा आदेश चालू आहे का. परवानगीचा अर्ज नेत्याच्या सहीने नसेल आणि पोरांना पुढे बसवत असतील तर घरी यायचं. तिथे लाज धरायची नाही.

पण पक्षात शिकण्यासारखं काही नाही, हे मला मान्य नाही. मिस्ड कॉल देऊन सदस्य झालात तर तुम्ही फक्त आकडा आहात. खरं शिक्षण बूथवर. एक मतदान केंद्र म्हणजे साधारण हजार-बाराशे मतदार. त्यांची यादी घेऊन घरोघर फिरायचं: कोण वारलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण ऊसतोडीला आहे आणि मतदानाच्या दिवशी परत येणार का. हे काम एकदा केलेल्या मुलाला आपल्या गल्लीत किती प्रकारची माणसं राहतात ते पहिल्यांदा कळतं. वर्तमानपत्रात "मतदारांचा कौल" असं वाचणं वेगळं आणि त्या कौलातल्या प्रत्येक घराचं दार वाजवणं वेगळं.

मग पोलिंग एजंट, म्हणजे मतदान केंद्रात बसणारा उमेदवाराचा प्रतिनिधी, व्हा. मतदानाआधी दीड तास पोहोचायचं, अभिरूप मतदान होतं, किमान पन्नास मतं टाकून यंत्र तपासतात, पुसतात, सील करतात, त्यावर तुमची सही. संध्याकाळी १७-सी नमुन्याची प्रत मागून घ्यायची, त्यात त्या केंद्रावर पडलेल्या एकूण मतांची नोंद असते. मोजणीच्या दिवशी तो आकडा जुळवायचा. यंत्राबद्दल, मोजणीबद्दल समाजमाध्यमांवर जे काही फिरतं त्यातलं काय शक्य आहे आणि काय नाही, हे त्या एका दिवसात स्वतःच्या डोळ्यांनी ठरवता येतं.

पक्ष निवडताना मी नव्या मुलांना एकच सांगतो. तालुका कार्यकारिणीची बैठक नियमित होते का ते बघा, आणि त्या बैठकीत कुणी नेत्याच्या विरुद्ध बोललं तर पुढच्या बैठकीला त्याला बोलावतात का ते बघा. झेंड्याचा रंग कुठलाही असो, यावरून तो पक्ष तुमच्या गावात जिवंत आहे की नाही ते कळतं.

खालून वर गेलेले नाहीत असंही नाही. विलासराव देशमुख सत्तरच्या दशकात बाभळगावचे सरपंच होते. आर. आर. पाटील १९७९ मध्ये सांगली जिल्हा परिषदेत निवडून आले, विधानसभेत १९९० ला गेले. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूरचे नगरसेवक झाले. प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून आमदार झाल्या. वेगवेगळे पक्ष, वेगवेगळ्या घरांतली माणसं. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका लढवायला वयाची एकवीस वर्षं पुरतात, विधानसभा आणि लोकसभेला पंचवीस लागतात. मधली ही चार वर्षं स्थानिक संस्थेत काढली तर वाया जात नाहीत.

हिरवी_पाटी

एक छोटी सूचना, कारण बरेच जण स्पर्धा परीक्षा देत असतात. परीक्षेची तयारी करताना पक्षाचं सदस्य व्हायला काही आडकाठी नाही. पण शासकीय सेवेत रुजू झालात की राज्याच्या वर्तणूक नियमांप्रमाणे पक्षाचं सदस्यत्व, प्रचार, निधी देणं, सगळं बंद. मत द्यायचा हक्क तेवढा राहतो. आज झेंडा हातात घेणाऱ्याने उद्याचं क्षेत्र ठरवलेलं असावं.

कॉलेजच्या निवडणुकांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. नव्वदच्या दशकात हिंसाचारामुळे त्या बंद पडल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात परत तरतूद झाली, २०१९ ला तारखाही ठरल्या आणि मग पुढे ढकलल्या गेल्या. अठरा वर्षांच्या मुलाला खासदार निवडता येतो आणि वर्गप्रतिनिधी निवडता येत नाही! राजकारण शिकण्याची सगळ्यात सोपी जागा आपण मुलांकडून काढून घेतली आहे, आणि मग ती उदासीन आहेत म्हणून ओरडतो.

निंबोणी

सगळ्यांचे मनापासून आभार. नाव गावच्याच यादीत घालतेय, माजी सदस्या ताईंचं वाचून ते पक्कं झालं. सुट्टीत गावी असतेच.

अजून एक मनात आहे. विचारसरणीचं काय? वसतिगृहात वेगवेगळ्या संघटनांच्या मुली येतात, सगळ्यांचं ऐकताना पटतं. एक गट म्हणतो अमुक वाचलंस की डोळे उघडतील, दुसरा म्हणतो ते वाचूच नकोस. मला बाजू घ्यायला भीती वाटत नाही, पण न समजता घ्यायची नाहीये.

सांजसावली

मुली, मी निवृत्त शिक्षक आहे. तुझा प्रश्न फार आवडला, म्हणून सविस्तर लिहितो.

विचारसरणी आधी निवडून मग जगाकडे बघायला जाऊ नकोस. एक विषय धर, तुझ्या गावाशी नातं असलेला, आणि वर्षभर त्याच्या मागे जा. उदाहरणादाखल कांदा घेऊ. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी केली. ती उठली ४ मे २०२४ ला, आणि नाशिक व दिंडोरीत लोकसभेचं मतदान होतं २० मे ला. आता शोध. बंदी घालताना सरकारने कारण काय दिलं? शहरातल्या ग्राहकाचं त्यात काय हित होतं? लासलगावच्या बाजारात भाव कसे हलले? तिथल्या खासदाराने लोकसभेत त्यावर प्रश्न विचारला का, तारांकित (तोंडी उत्तराचा) की अतारांकित (लेखी उत्तराचा), आणि मंत्र्याने उत्तर काय दिलं? जे आज विरोधात आहेत त्यांच्या राज्यात अशी बंदी आली होती तेव्हा ते काय म्हणाले होते? लोकसभा आणि विधानमंडळाची प्रश्नोत्तरं आणि भाषणं संकेतस्थळावर आहेत. एवढं वाचलंस की शेतकरी आणि ग्राहक, बाजार आणि सरकार यांच्यात तुझं मन कुठे झुकतं ते तुला कळायला लागेल. तिथून विचारसरणीकडे गेलीस तर ती तुझी असेल.

दुसरं, एकटीने वाचू नकोस. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव ऐकलं असशील. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा सगळ्यांना पाठ आहे. त्यामागची गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते, ती म्हणजे तिथला अभ्यासगट. गावातले लोक आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून एखादा प्रश्न समजून घेत, जंगलाचा, कायद्याचा, हिशेबाचा. निर्णय मात्र अभ्यासगट घेत नसे, तो ग्रामसभा घेई, आणि तोही सगळ्यांच्या सहमतीने. त्या तयारीच्या जोरावर वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये त्यांनी सामूहिक वनहक्क मिळवला, देशात सगळ्यात आधी मिळवणाऱ्या गावांत ते होतं. तुमच्या खोलीत चार मुली आहात ना? महिन्यातून एक संध्याकाळ ठेवा. वेगवेगळ्या संघटनांच्या मुलींना बोलवा, विषय एक, वाचून आल्याशिवाय बोलायचं नाही.

आणि राजकारण म्हणजे निवडणूकच, असं धरू नकोस. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती विशीतल्या कवी-लेखकांनी उभी केली. त्याच सुमारास बाबा आढावांनी "एक गाव एक पाणवठा" चळवळ सुरू केली, गावोगाव फिरून दलितांना पाणवठा खुला आहे का याची पाहणी केली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत लढा चालला, कितीतरी तरुण तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. यांतल्या बहुतेकांनी कधी निवडणुकीचा अर्ज भरला नाही, पण आजचं महाराष्ट्राचं राजकारण त्यांना वगळून सांगता येत नाही.

सह्यवारा

सर, पाहणीचं तुम्ही लिहिलंत ते पटलं. माझा आक्षेप नुसत्या गर्दीला आहे, अशा कामाला नाही. फुटीबद्दलचा प्रश्न मात्र कुणी घेतला नाही.

काळी_शाई

घेतो. विधानसभेत आमदाराने पक्ष सोडला तर मतदाराच्या हातात थेट काही नाही, आपल्याकडे आमदाराला परत बोलावण्याची तरतूद नाही. हे कटू आहे आणि मुलांना तसंच सांगायला हवं. मूळ पक्ष विलीन झाला आणि दोन तृतीयांश आमदारांनी ते मान्य केलं तर कायदा संरक्षण देतो, आणि अपात्रतेचा निर्णय सभागृहाचा अध्यक्ष घेतो, जो स्वतः एका पक्षातून आलेला असतो. कायदा बदलायला हवा असं माझं मत आहे, आणि तो बदलायची मागणी करणं हेही पहिल्यांदा मत देणाऱ्यांचं राजकारणच आहे. जाहीरनाम्यात यावर एक ओळ तरी आहे का, ते प्रत्येक पक्षाला विचारा. स्थानिक संस्थांसाठी राज्याचा वेगळा कायदा आहे, १९८६ चा, त्यातही पक्षांतर केल्यास सदस्यत्व जातं. ग्रामपंचायत पक्षचिन्हावर होतच नाही, तिथे पॅनेल, म्हणजे गावातल्या उमेदवारांचे गट, असतात. म्हणून तिथे माणूस बघून मत देता येतं, आणि माणूस तुमच्याच गल्लीत राहतो.

निंबोणी

आईशी फोनवर बोलले. ती म्हणाली, महिला सभेला तू जाणार असशील तर मीही येते, आजवर नुसती सही करत आले. पुढच्या ग्रामसभेला मुलींच्या शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय मांडायचा आहे. ताई, उभं राहून नुसतं बोलायचं की आधी काही करावं लागतं?

माजी_सदस्या

आईला नमस्कार सांग, दोघी मिळून जा.

नुसतं बोललीस तर "बघू" म्हणतील आणि इतिवृत्तात एक शब्दही येणार नाही. आधी तयारी कर. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून यंदाचा आराखडा बघ, दिवाबत्तीला काही ठेवलंय का आणि मागच्या वर्षी किती खर्ची पडलंय ते लिहून घे. खांब आहेत पण दिवे नाहीत, की खांबच नाहीत, हे रस्त्यावरून चालत मोजून ये. दोन्हींचा खर्च आणि खातं वेगळं असतं. मग ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला माग. द्यायला टाळाटाळ केली तर माहिती अधिकाराचा अर्ज कर, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि तोही दीडशे शब्दांत लिहायचा असतो, त्यामुळे दिव्यांसोबत पाण्याचं विचारू नकोस.

विषय विषयपत्रिकेवर यायला हवा म्हणून नोटीस निघण्याआधी लेखी दे, त्या रस्त्याने जाणाऱ्या मुलींच्या पालकांच्या सह्या घेऊन. ज्यांचं मत तुझ्या घराशी जुळत नाही अशा दोन घरांच्या सह्या त्यात नक्की असू देत, म्हणजे कुणाला "हा अमक्या पॅनेलचा अर्ज" म्हणता येणार नाही. सभेत सूचक, म्हणजे ठराव मांडणारी, तू हो, त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक दुसऱ्या वस्तीतलं कुणी तरी शोध. ठराव लिहून होईपर्यंत जागेवरून उठू नकोस, आणि लिहिलेला मोठ्याने वाचून दाखवायला सांग. अर्ज देताना दोन प्रती ने, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घे आणि ती प्रत आईकडे ठेव.